कुटुंब रविवारचा संदेश : ‘अधीन असा’ हे वचन कसे मांडावे?

छावणीकर (इंदूर)

सर्वांना सलाम.

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. राज्य शासनाच्या एका विभागातून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो, आणि पाळकसाहेब बाहेरगावी असले की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अधूनमधून उपदेशाची जबाबदारी माझ्याकडे येते. पुढच्या महिन्यात कुटुंब रविवार आहे. त्यासाठी नव्या करारातील पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील २१ ते ३३ ही वचने मला नेमून दिली आहेत आणि वेळ पंचवीस मिनिटांचा आहे. उपासना हिंदीत होते. आम्ही आठ-दहा मराठी घरे आहोत. आमचे आजे-पणजे अहमदनगर आणि जालना भागांतून मिशनच्या शाळा-दवाखान्यांतील नोकऱ्यांसाठी माळव्यात आले आणि इथलेच झाले. त्यामुळे घरची प्रार्थना मराठी शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून, आणि मंडळीतली हिंदी शास्त्रातून, असा आमचा दुहेरी संसार आहे. कुटुंब रविवारी साधारण १२० माणसे असतात, आणि उपासनेनंतरचे चहा-पोहे भगिनी मंडळ करते.

या वचनांवरचा उपदेश मी लग्नांत, लग्नाच्या वाढदिवसांना आणि कुटुंब रविवारी इतक्या वेळा ऐकला आहे, की वक्ता पुढे काय बोलणार हे मला आधीच कळते. ‘स्त्रियांनो, अधीन असा’ यावर पंधरा मिनिटे जातात, मध्ये आजच्या सुना आणि मोबाइल यांवर एक विनोद होतो, आणि ‘पतींनो, प्रीती करा’ यावर, घड्याळाकडे पाहत, तीन मिनिटे. मी स्वतःही एकदा असाच उपदेश केला आहे, हे कबूल केलेले बरे.

या वेळी टिपणे काढायला बसलो तेव्हा मुलीने कागद पाहिला आणि विचारले, “बाबा, हिंदीतला ‘अधीन’ म्हणजे तुमच्या ऑफिसातला ‘अधीनस्थ’च ना? ज्याची गोपनीय चरित्रावली तुम्ही लिहायचात तो?” मला उत्तर देता आले नाही. छत्तीस वर्षे मी हा शब्द शासकीय पत्रांत त्याच अर्थाने लिहिला. ज्याच्या कामाचा गोपनीय अहवाल, म्हणजेच चरित्रावली, मी लिहायची, ज्याची रजा मी मंजूर करायची, ज्याला कारणे दाखवा नोटीस मी द्यायची, तो अधीनस्थ. आमच्या बाकांवर बसलेल्या बहुतेकांच्या कानांवरही हा शब्द याच अर्थाने पडत असणार.

आणखी एक गोष्ट मनात घोळते आहे. त्या १२० माणसांत ज्यांचा नवरा गेली दहा वर्षे मंडळीत आलेला नाही अशा बहिणी आहेत, विधवा आहेत, पस्तिशीला आलेले अविवाहित तरुण आहेत, ज्यांचा जोडीदार हिंदू आहे असे चार-पाच जण आहेत, आणि मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा पोशाख करून येणारी एक बहीण आहे. तिच्याविषयी सर्वांना शंका आहे आणि कोणीच काही विचारत नाही. या सर्वांसमोर हे वचन प्रामाणिकपणे कसे उघडावे? ते टाळायचे नाही आणि गुळगुळीतही करायचे नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शास्त्राची विद्यार्थिनी (वडोदरा)

छावणीकरसाहेब, सलाम. मी काही वर्षे शास्त्र शिकवले आहे, त्या आधारावर लिहिते.

आपल्याला नेमून दिलेला भाग २१ व्या वचनापासून सुरू होतो, ही मोठी सोय आहे. ती हातची जाऊ देऊ नका. बहुतेक उपदेशक २२ पासून वाचायला लागतात, कारण अनेक छापील प्रतींत ‘पतिपत्नी’ हे उपशीर्षक नेमके तेथेच घातलेले असते. ते उपशीर्षक पौलाचे नाही, छापणाऱ्यांचे आहे. २१ व्या वचनात सर्व विश्वासणाऱ्यांना ख्रिस्ताच्या भयात एकमेकांच्या अधीन असण्यास सांगितले आहे. पुढची मौज ग्रीक पाठात आहे. इ.स. २०० च्या सुमाराचे मानले जाणारे ‘पपायरस ४६’ आणि चौथ्या शतकातील व्हॅटिकन हस्तलिखित या अतिप्राचीन प्रतींत २२ व्या वचनाला क्रियापदच नाही. तेथे केवळ ‘पत्नींनी आपापल्या पतींच्या, जसे प्रभूच्या’ एवढेच शब्द आहेत, आणि ‘अधीन’ हा शब्द वाचकाने आधीच्या वचनातून आणायचा आहे. म्हणजे पत्नींना सांगितलेली गोष्ट सर्वांना सांगितलेल्या गोष्टीच्या पोटातून येते. २१ वगळून २२ वाचणे म्हणजे अर्धे वाक्य कापून उरलेले भिंतीवर लावणे होय.

आपल्या कन्येचा प्रश्न अगदी बरोबर आहे. ग्रीक शब्द ‘हुपोतास्सो’ हा ‘खाली’ आणि ‘क्रमाने लावणे’ यांपासून झालेला आहे. तो सैन्यातही वापरला जाई, त्यामुळे त्यात अधिकाराचा अर्थ मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. पण याच पत्राच्या सहाव्या अध्यायात मुलांना आणि दासांना उद्देशून ‘आज्ञा पाळा’ असा निराळाच शब्द येतो, आणि पत्नींसाठी तो येथे वापरलेला नाही. शिवाय ‘एकमेकांचे अधीनस्थ’ ही गोष्ट कोणत्याही कार्यालयात संभवत नाही. दोघेही एकमेकांची चरित्रावली लिहू लागले तर ते कार्यालय चालेल का? यावरूनच कळते की पौलाच्या मनात कार्यालय नाही.

त्या काळी घरासाठी असे नियम सांगण्याची पद्धत होतीच. ॲरिस्टॉटलने राज्यशास्त्रावरील ग्रंथाच्या पहिल्याच भागात पती-पत्नी, बाप-मुले आणि धनी-दास या तीन जोड्या सांगितल्या आहेत, आणि तेथे विचार होतो तो घरधन्याने सत्ता कशी चालवावी याचा. पौलाने जोड्या त्याच घेतल्या. परंतु तो आधी पत्नीशी, मुलांशी आणि दासांशी थेट बोलतो, जणू निर्णय करणारी माणसे तीही आहेत, आणि मग घरधन्याकडे वळून त्याला कोठेही ‘सत्ता चालव’ असे सांगत नाही. पत्नींना उद्देशून तीन वचने आहेत. पतींविषयी २५ पासून थेट ३३ पर्यंत. आणि त्या पतींसमोर नमुना ठेवला आहे तो वधस्तंभावर जीव देणाऱ्याचा. सध्याच्या उपदेशांतले पंधरा आणि तीन मिनिटांचे प्रमाण मूळ पाठाच्या नेमके उलटे आहे. पंचवीस मिनिटांचे वाटप वचनांच्या प्रमाणात केले तरी निम्मे काम होईल.

बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीला अनुरूप ‘साहाय्यक’ म्हटले आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ हाताखालचा मदतनीस असा लावतात. ‘एझेर’ हा तोच हिब्रू शब्द स्तोत्र १२१ मध्ये परमेश्वराकडून येणाऱ्या साहाय्यासाठी आला आहे. तेथे कोणी देवाला हाताखालचा म्हणत नाही.

रामबागचा जावई (इंदूर)

मी ख्रिस्ती नाही. पत्नी ख्रिस्ती आहे. २००१ साली आमचे लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झाले. त्या कायद्याप्रमाणे नोटीस तीस दिवस कचेरीत लावतात, आणि त्या तीस दिवसांत दोन्हीकडच्या झाडून साऱ्या नातलगांनी ती वाचली. तेव्हापासून नाताळ, उत्तम शुक्रवार, ईस्टर आणि कुटुंब रविवार असे वर्षातून चार-पाच उपदेश मी मागच्या बाकावरून ऐकतो. तेव्हा श्रोता म्हणून माझा अनुभव कमी नाही, असे समजून लिहितो.

मागच्या बाकावरून जे खटकते ते सांगतो. विवाहावरील उपदेशात आमच्यासारख्यांचा उल्लेख येतो तो नेहमी प्रार्थनेचा विषय म्हणून. ‘ज्या बहिणींचे पती अद्याप विश्वासात नाहीत त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करू,’ असे म्हटले की पुढच्या पाच बाकांवरची माणसे प्रेमाने मागे वळून माझ्याकडे पाहतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण त्या क्षणी मी त्या घरातला नवरा राहत नाही. अर्ज प्रलंबित असलेला माणूस होतो.

एकदा उत्सुकतेपोटी पत्नीच्या शास्त्रातून करिंथकरांस पहिल्या पत्राचा सातवा अध्याय वाचला. विश्वास न ठेवणारा नवरा पत्नीबरोबर राहण्यास राजी असेल तर तिने त्याला सोडू नये, आणि पत्नीमुळे तो पवित्र झालेला आहे, असे तेथे म्हटले आहे. पुढे १६ व्या वचनात पौल विचारतो की, हे पत्नी, तू आपल्या पतीला तारशील की नाही हे तुला काय ठाऊक? हा प्रश्न आहे हे मला फार आवडले. उपदेशांत त्याची योजना करून टाकतात, तारखेसह. पौलाने मात्र तो प्रश्न म्हणूनच ठेवला, आणि त्याच्या अलीकडच्याच वचनात देवाने आपल्याला शांतीत राहण्यासाठी पाचारण केले आहे असे म्हटले.

माझ्या पत्नीने मला आजवर एकही उपदेश केलेला नाही. माझे वडील अखेरच्या वर्षी डोळ्यांनी अधू झाले तेव्हा रोज संध्याकाळी त्यांना हरिपाठ वाचून दाखवण्याचे काम तिने आपणहून घेतले. मला ते जमत नव्हते. दुकानातून यायला उशीर होई आणि आवाजही लागत नसे. रविवारी मंडळीतून आली की आधी डोक्यावरचा पदर सारखा करी आणि मग पुस्तक उघडी. वडिलांनी एकदा विचारले की, हे तुझ्या धर्मात चालते का? ती म्हणाली, “बाबा, वाचते आहे मी, ऐकता आहात तुम्ही.” एवढेच. नगरकडच्या तिच्या आत्याला हे आवडले नव्हते, हेही नोंदवून ठेवतो.

टिळक पति-पत्नींचा दाखला आपण देणार असाल, कारण मराठी उपदेशात तो यायचाच, तर एक विनंती आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई पुढे अनेक वर्षे आपल्या जुन्या धर्मातच राहिल्या. पतीजवळ राहायला आल्यावरही सोवळे आणि चूल त्यांनी वेगळी ठेवली होती. उपदेशात ही कथा ‘अखेर पत्नी पतीच्या मागे गेली’ अशी सांगतात. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ ज्याने वाचले आहे त्याला ठाऊक आहे की त्या कोणाच्या मागे गेल्या नाहीत; जातिभेदाविषयी स्वतःच विचार करत करत, स्वतःच्या पायांनी चालत गेल्या. आणि टिळकांना, स्वभाव तापट असूनही, वाट पाहावी लागली. त्या वाट पाहण्यावर कोणी बोललेले मी अजून ऐकलेले नाही.

नगरकर बाबा

सर्वांस प्रभूमध्ये सलाम. माझे वय ७३. इंदुरात मुलाकडे असतो.

वरच्या बहिणीचे ज्ञान मोठे आहे आणि जावईबापूंचे लिहिणे वाचून डोळ्यांत पाणी आले. तरीही थोडे विरोधी लिहितो, रागावू नये. आजकाल या वचनावरचा संदेश म्हणजे वचनाबद्दल मागितलेली माफी होऊन बसला आहे. ग्रीकमध्ये असे आहे, त्या काळी तसे होते, असे करत करत शेवटी वचनात काहीच उरत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अब्राहामाची पत्नी सारा हिने त्याला धनी म्हटले आणि त्याची आज्ञा पाळली असे स्पष्ट आहे, आणि तेथे ‘आज्ञा पाळणे’ हाच शब्द आहे. त्याचे काय करणार?

२३ व्या वचनात पतीला पत्नीचे मस्तक म्हटले आहे. मला त्या मस्तक शब्दाचा अर्थ जबाबदारी असा शिकवला गेला. आमचे वडील शाळामास्तर होते. संध्याकाळी कंदील लावला की सात माणसे चटईवर बसत, वडील अध्याय वाचत आणि आई प्रार्थना करी. पगार पाकिटासकट आईच्या हातात जाई. घरात काही चुकले तर वडील म्हणत, देव मला विचारील. हे मस्तकपण होते. आज घरोघरी कोणीच मस्तक नाही. चार माणसे चार खोल्यांत चार मोबाइल घेऊन बसतात आणि कौटुंबिक प्रार्थना फक्त पाळकसाहेब घरी आले की होते. छावणीकरांनी अधीनतेवर हवे तितके कमी बोलावे, पण पुरुषांना सोडू नये. दारू, तंबाखू, सट्टा, पगार कोठे जातो, आणि मुलाच्या लग्नात ‘भेट’ म्हणून काय मागितले, हे नाव घेऊन विचारावे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे आणि तो ख्रिस्ती लोकांनाही लागू आहे, हे आमच्या काही विश्वासणाऱ्या बांधवांना अजून ठाऊक नाही असे दिसते.

शास्त्राची विद्यार्थिनी (वडोदरा)

बाबा, राग कशाचा? आपण पकडलेला शब्द अगदी बरोबर आहे. पेत्राने सारेच्या बाबतीत ‘आज्ञा पाळणे’ हेच क्रियापद वापरले आहे, आणि मी ते वर सांगायला हवे होते. त्याच अध्यायाचे सातवे वचनही मग सोबत वाचू या. पतींनी पत्नीला जीवनाच्या कृपादानाची सहवारस समजून मान द्यावा, म्हणजे त्यांच्या प्रार्थनांत व्यत्यय येणार नाही, असे पेत्र म्हणतो. पत्नीला मान न देणाऱ्या पुरुषाची प्रार्थना अडते, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे वचन मी तरी कोणत्याही लग्नात ऐकलेले नाही. आणि पगाराचे पाकीट आईच्या हातात देणारे आपले वडील २१ वे वचन पाळत होते, असे मला वाटते. त्यांनी त्याला नाव वेगळे दिले होते.

अविवाहितांसाठी एक गोष्ट राहिली. हे सारे लिहिणारा पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायावरून त्या वेळी एकटा होता असे दिसते, आणि त्याच अध्यायात तो एकटे राहणे हे कमीपणाचे नसून देणगी असल्याचे सांगतो. कुटुंब रविवारी पस्तिशीच्या तरुणाला चारचौघांत ‘आता तुमचा नंबर’ म्हणू नये, एवढे तरी व्यासपीठावरून सुचवता येईल. आणि रोजच्या धंद्यापाण्याचे उदाहरण हवे असेल तर प्रिस्किल्ला व अक्विल्ला आहेत. सम्राट क्लौद्याने यहूद्यांना रोममधून घालवले तेव्हा हे जोडपे करिंथला आले आणि तंबू करण्याचा व्यवसाय करू लागले. पौल त्यांच्याच घरी राहून त्यांच्याबरोबर काम करी. नव्या करारात या दोघांची नावे सहा ठिकाणी येतात, त्यांपैकी चार ठिकाणी ग्रीक पाठात पत्नीचे नाव आधी आहे. अपुल्लोसासारख्या विद्वान वक्त्याला घरी नेऊन मार्ग अधिक नीट समजावून सांगण्याचे काम दोघांनी मिळून केले. आपल्या शहरातल्या नवरा-बायकोच्या कोणत्याही दुकानात हे जोडपे खपून जाईल.

वसईची लेक (इंदूर)

नमस्कार. मी कॅथलिक आहे, माहेर वसईचे. लग्न ठरलेल्या मुला-मुलींच्या विवाहपूर्व शिबिरात काही वर्षे मदत करते. मला केवळ पूर्ण बाह्यांच्या पोशाखातल्या बहिणीविषयी लिहायचे आहे. बाकीचे वर चांगले आले आहे.

आपण त्या दिवशी काय बोलता हे ती ऐकेलच, परंतु तिच्या नवऱ्याची माणसेही ऐकतील, आणि घरी गेल्यावर त्यातले एखादे वाक्य तिच्यावर फेकले जाईल. ‘ऐकलेस ना, आज काय सांगितले ते?’ माझ्याकडे आलेल्या बायकांनी हे वाक्य मला निरनिराळ्या भाषांत सांगितले आहे. म्हणून उपदेश लिहून झाल्यावर त्यातले प्रत्येक वाक्य मारणाऱ्या माणसाच्या तोंडी घालून पाहा. जे त्याच्या उपयोगी पडेल ते काढून टाका किंवा त्याला पुढची ओळ जोडा. ‘देवाला घटस्फोट आवडत नाही’, ‘प्रीती सर्व काही सहन करते’, ‘क्षमा करा’, ही तिन्ही वाक्ये अशीच आहेत.

क्षमेविषयी आमच्या इंदूर धर्मप्रांतातलेच उदाहरण देते. सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी देवास जिल्ह्यात उदयनगरजवळ बसमधून ओढून हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथेच त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टर आहेत, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली, आणि कुटुंबाने त्याला क्षमा केली. हा प्रसंग सांगून ‘पाहा, मग तुम्हाला नवऱ्याला क्षमा करता येत नाही?’ असे बायकांना विचारलेले मी ऐकले आहे. सांगणारे एक गोष्ट विसरतात. राखी बांधली तेव्हा तो माणूस गजाआड होता. खटला चालला होता आणि शिक्षा झाली होती. क्षमेने तुरुंगाचे दार उघडून त्याच्या हातात पुन्हा सुरा दिला नव्हता. आणि ती क्षमा त्या कुटुंबाने आपणहून दिली. कोणी व्यासपीठावरून मागून घेतली नव्हती.

आमच्या चर्चमध्ये विवाह अविभाज्य मानतात आणि त्याबाबत आम्ही फार कडक आहोत, हे सर्वांना ठाऊक आहे. तरी त्याच चर्चच्या कायद्यातील ११५३ वे कलम सांगते की एका जोडीदारामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या जिवाला वा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास न्याय्य कारण आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या आपल्या कुटुंबविषयक पत्रात वेगळे होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते असे लिहिले आहे. इतक्या कडक घरातले लोक एवढे म्हणू शकतात, तर आपल्यालाही म्हणता येईल.

देशाच्या कायद्याविषयी थोडेसे. घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे, आणि त्याखाली घटस्फोट न मागताही संरक्षणाचा आदेश व राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. ‘पोलिसांत गेले म्हणजे लग्न मोडलेच’ हा समज त्यामुळे खरा नाही. १८६९ च्या जुन्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. पत्नीला मात्र बहुतेक प्रसंगी व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. म्हणजे नुसता मार पुरेसा नव्हता. हे २००१ साली बदलले. आमच्या आयांच्या पिढीने ‘आपल्यात सुटका नसते’ असे म्हटले ते उगाच नव्हते, पण मुलींना ते तसेच सांगत राहणे चुकीचे आहे. महिला हेल्पलाइनचा १८१ हा क्रमांक सूचनाफलकावर लावा, आणि शक्य असल्यास स्त्रियांच्या स्वच्छतागृहाच्या दारामागेही. तेथे तो कोणी पाहत नसताना टिपून घेता येतो.

आणि त्या बहिणीला उपदेशातून निरोप देऊ नका. भगिनी मंडळातल्या, तोंड बंद ठेवू शकणाऱ्या एखाद्या वयस्क बाईंनी तिच्याकडे आधी जावे, एकटीने.

छावणीकर (इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर लिहू शकलो नाही, कारण टिपणे तीन वेळा फाडली.

काय ठरले ते कळवतो. २१ वे वचन मी मराठीत आणि हिंदीत, दोनदा वाचणार आहे आणि ‘अधीनस्थ’ची गोष्ट स्वतःवर घेऊन सांगणार आहे, मुलीच्या परवानगीने. त्यानंतर बराच वेळ २५ ते ३३ वर. नगरकर बाबांची यादी, दारूपासून ‘भेटी’पर्यंत, तशीच्या तशी घेतली आहे, बाबा, आपण त्या दिवशी मंडळीत असाल तर पहिल्या बाकावर बसा, म्हणजे मला धीर येईल. जावईबापू, प्रार्थनेच्या त्या वाक्याबाबत पाळकसाहेबांशी बोललो. त्यांना प्रथम पटले नाही. मग त्यांनी विचारले, ‘त्या वेळी खरोखर सगळे मागे वळून पाहतात?’ मी होय म्हणालो, आणि ते बराच वेळ गप्प बसले. हरिपाठाची गोष्ट मी सांगणार नाही, ती आपली आहे.

वसईच्या ताईंनी सांगितलेली परीक्षा केली. माझ्या दुसऱ्या मसुद्यातली अकरा वाक्ये त्यात नापास झाली. त्या बहिणीकडे कोणी जावे याचा विचार सुरू होण्याआधीच माझी पत्नी म्हणाली की ती दोन महिन्यांपासून जाते आहे. मला ठाऊक नव्हते. का सांगितले नाहीस असे विचारल्यावर म्हणाली, “तुम्ही विचारले नाही.” १८१ चा कागद तिने दाराच्या आतून लावला आहे.

मग शनिवारी तिला पूर्ण संदेश वाचून दाखवला. ती पोळ्या लाटत होती आणि मी स्टुलावर बसून वाचत होतो. शेवटी तिने एकच शंका काढली. कुटुंब रविवारी उपदेश अर्धा झाला की भगिनी मंडळाच्या आठ-दहा जणी चहा चढवायला आणि पोहे परतायला मागे जातात. आजवर प्रत्येक वर्षी त्यांनी ‘स्त्रियांनो’पर्यंतचेच ऐकले आहे, आणि ‘पतींनो’ सुरू होते तेव्हा त्या स्वयंपाकघरात असतात. इतकी वर्षे मी त्याच मंडळीत बसतो आहे आणि हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते.

तेव्हा या वेळी चहा-पोहे पुरुषांनी करायचे ठरले आहे, आणि तेही उपासनेच्या आधी उरकून. आम्ही पाच जण तयार झालो. काल संध्याकाळी मंडळीच्या मागच्या खोलीत त्यासाठी बैठक घेतली. १२० माणसांच्या पोह्यांना किती किलो पोहे लागतात, ते आधी किती वेळ भिजवायचे, आणि चहाची साखर भगिनी मंडळ कोणत्या डब्यात ठेवते, यांतले काहीही आमच्यापैकी एकालाही सांगता आले नाही. पाळकसाहेबांनी घरी फोन लावला.